डावा सुळा

दुकुह सारेन, बंगली, बाली
४ एप्रिल २०११

लुह वार्सिकी,

ॐ स्वस्त्यस्तु. काल मेमे, तुझी आई, माझ्या ओट्यावर बसून रडून गेली. ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, तिच्या रडण्याची मला लहानपणापासून सवय आहे. पण कालचं कारण ऐकून कोरायला घेतलेला मुखवटा मला खाली ठेवावा लागला. देनपसारला नोकरीला गेलीस आणि तिथे वरच्या दातांना लोखंड ठोकून घेतलंस म्हणे. विचारायचं कोणाला, आम्ही मामा, तुझे उवा, आहोत कोण.

३ जुलैला आपल्या घरच्या सात मुलांचा दातांचा विधी आहे. पुरोहितांनी दिवस काढून दिलाय, मांडवाचे बांबू तोडून झालेत. सातांत तू थोरली, बावीस वर्षांची. तुझा बाप असता तर हे चार वर्षांपूर्वीच उरकलं असतं. मुलांचे दात कानसून दिले की आईबापाचं शेवटचं कर्तव्य संपतं, आणि मेमेला ते एकटीने पार पाडायचंय. गावाचा सांगिंग, विधीत दात कानसणारा, मी, म्हणजे कानस माझ्याच हातात असणार. मला सहा दात लागतात, लुह. वरचे पुढचे चार आणि दोन बाजूंचे दोन सुळे. सहा दात, सहा शत्रू: काम, लोभ, मोह, मद, मत्सर, क्रोध. एक जरी कमी असला तरी मी कोणाला मांडवात निजवत नाही. आणि माझी कानस दातावर चालते, लोखंडावर नाही.

तेव्हा विधीआधी ते काढून ये. फोन करू नकोस, मला फोनवरचं ऐकू येत नाही. भाजीच्या ट्रकवाल्या सुदर्माकडे पत्र दे.

नेंगाह रेदाना

*

देनपसार
९ एप्रिल

उवा,

ॐ स्वस्त्यस्तु. मेमेने तुम्हाला अर्धवट सांगितलं आणि तुम्ही त्यावर पूर्ण रागावलात.

पहिली गोष्ट, ठोकत नाहीत, चिकटवतात. दुसरी गोष्ट, ते लोखंड नाही, न गंजणारं पोलाद आहे. याला बेहेल म्हणतात. आमच्या कपड्यांच्या दुकानात आम्ही पाचजणी कामाला आहोत, पैकी चौघींना आहे. मी काही चोरी केलेली नाही.

तुम्हाला वाटतं तसा तो नुसता दागिना नसतो. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चित्र लावलंय, त्यावरून उतरवून देते. दातावर जो चौकोनी ठोकळा दिसतो तो ब्रॅकेट. त्याच्या पोटात आडवी खाच असते. त्या खाचेतून तार जाते, एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत, कमानीसारखी. खरं काम तार करते. तिला आपल्या मूळ आकाराला परत जायचं असतं, आणि जाता जाता ती वाकड्या दाताला सोबत घेऊन जाते. तार खाचेतून निसटू नये म्हणून प्रत्येक ब्रॅकेटवर रबराची बारीक कडी असते. माझ्या कड्या जांभळ्या आहेत. आणि अगदी मागे दाढेवर नळी असते, तिच्यात तारेचं टोक अडकवतात. म्हणजे एकूण चार गोष्टी. कळल्या ना?

माझा डावा सुळा तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत मला त्यावरून 'रानडुक्कर' म्हणायचे, तेव्हा कोणी पुरोहितांना दिवस विचारायला गेलं नव्हतं. आता तो सरळ होतोय तर सगळ्यांना माझे दात आठवले. क्लिनिकमधले डॉक्टर म्हणालेत, दोन वर्षं काढायची नाही. तेव्हा मी काढणार नाही.

वार्सिकी

*

दुकुह सारेन
१७ एप्रिल

लुह,

ॐ स्वस्त्यस्तु. तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रागाने वाचलं, तिसऱ्यांदा नीट वाचलं. वस्तू डोकेबाज आहे, हे मान्य करतो. ज्याने तार शोधून काढली त्याला लाकडाची जात कळत असणार. फांदी वाकवली की तीही अशीच परत जायला बघते.

पण मला काही विचारायचंय. तू लिहिलंस की सुळ्याला तार ओढते. ओढायला दुसरीकडे काहीतरी पक्कं लागतं. ती दाढ का? मग दाढेवरच्या त्या नळीवर सगळा भार आला. तुझी नळी कोणत्या दाढेला आहे, पहिल्या की दुसऱ्या? दुसरं, सगळे ठोकळे सारखे असतात की प्रत्येक दाताचा वेगळा? तिसरं, ते दातावर किती उंचीला लावतात? मी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय. एका माणसाच्या तोंडातसुद्धा दोन दात एका उंचीचे नसतात.

फोटो पाठव. ओठ बाजूला कर आणि मागपर्यंत दिसू दे. मी काढून टाक म्हटलं ते अजून मागे घेतलेलं नाही.

नेंगाह रेदाना

*

देनपसार
२६ एप्रिल

उवा,

ॐ स्वस्त्यस्तु. तुम्ही काय दंतवैद्य व्हायला निघालात? इतके प्रश्न तर चिकटवताना मीही विचारले नव्हते.

फोटो सोबत आहे. दुकानातल्या देसाकने काढला. मागपर्यंत तोंड उघडणं मला जमलं नाही, गिऱ्हाईक होतं. पण पुढचं बघा. सगळे ठोकळे कसे एका रेषेत आहेत, फूटपट्टी लावल्यासारखे. सगळ्या म्हणतात, वार्सिकीचं काम सर्वांत सफाईदार झालंय. नळी असेलच मागे. जिभेला काही लागत नाही, म्हणजे चांगली बसवली असणार.

आणि तुमच्या माहितीसाठी, सुळा आता हलायला लागलाय. बोटाने हलवला तरी हलतो. ते म्हणाले, हलतो म्हणजे लागू पडतंय. हिरडीतून थोडं रक्त येतं, ते सुरुवातीला यायचंच. मेमेला यातलं काही सांगू नका, ती पुन्हा तुमच्या ओट्यावर येऊन बसेल.

वार्सिकी

*

दुकुह सारेन
२ मे

लुह वार्सिकी,

ॐ स्वस्त्यस्तु. फोटो उन्हात धरून बघितला. चष्मा लावून बघितला. मग रागाने मला जेवण गेलं नाही.

तूच लिहिलेले चार भाग तुझ्याच तोंडात मोजून बघ. ठोकळे एका रेषेत आहेत म्हणून तू खूश आहेस. अगं, तुझे दात एका रेषेत नाहीत, हेच तर दुखणं होतं ना? सुळा वर आहे, शेजारचा दात खाली आहे. ज्याला काम कळतं तो प्रत्येक दाताच्या मध्यावर ठोकळा लावेल आणि मग तारेला त्यांना एका रेषेत आणू देईल. तुझ्यावाल्याने आधीच रेष आखून टाकली. मग तुझी तार आणणार काय? सुळ्यावरचा ठोकळा तर हिरडीत गेलाय. आणि जिभेला नळी लागत नाही ती चांगली बसवलीय म्हणून नव्हे, ती नाहीच म्हणून. गाईला दावं बांधलं आणि खुंटा ठोकायचाच राहिला, अशी तुझी तार आहे. दावं आता गाईच्या पायात अडकतंय. दात हलतोय तो सरळ व्हायला नाही, पडायला हलतोय.

हे डॉक्टरचं काम नाही. कोणी लावलं ते खरं सांग. ज्याने कोणी परक्या पोरीच्या तोंडात न शिकता हात घातला, त्याला लाज कशी वाटली नाही?

नेंगाह रेदाना

*

देनपसार
६ मे

उवा,

तुम्ही फोटो बघून सगळं ओळखलंत. वा. मग आता मीही विचारते. न शिकता हात घातला म्हणता, तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकलात? तुमचं प्रमाणपत्र कुठे टांगलंय? उसाचा तुकडा दातांत धरायला लावायचा, पोराच्या हातापायांवर चार मामा-काका बसवायचे आणि कानस चालवायची. तुम्हाला कोणी विचारलं का कधी, की डॉक्टर आहात का?

आमच्या दुकानासमोरच क्लिनिक आहे, रोज लोकांची रांग लागते. एवढे लोक काय वेडे आहेत? तुम्हाला फक्त माझा सुळा वाकडा राहायला हवाय, म्हणजे गावात बेहेलवाली भाची मिरवावी लागणार नाही.

आणि तुमचे सहा दात कानसले होते कोणी? त्याच्या हातून क्रोधाचा राहून गेलेला दिसतो. आपल्या घराण्याच्या मोजणीत डावा सुळा क्रोधाचा, हे तुम्हीच शिकवलंत. आरशात बघा एकदा.

वार्सिकी

*

दुकुह सारेन
२७ मे

लुह,

ॐ स्वस्त्यस्तु. मागच्या पत्रात तू हे लिहायचं विसरलीस. रागात माणूस विसरतो, मी ते धरून बसत नाही.

तीन आठवड्यांनी प्रमाणपत्राचं उत्तर लिहितोय. माझ्याकडे कागद नाही, हे खरं आहे. बापाजवळ बसून अकरा वर्षं नुसत्या कानशी धुतल्या, मग त्याने पहिला दात दिला. पण ही काही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट अशी की सकाळी मी कॉफी प्यायला जातो तिथे बसलेल्या सहा-सात जणांच्या दातांवरून माझी कानस गेलेली असते. त्यांतल्या एकाला जरी मी दुखवलं असतं तरी या गावात मला कोणी कॉफी दिली नसती. मला कुठे पळून जाता येत नाही, लुह. एवढंच माझं प्रमाणपत्र.

आता ऐक. मंगळवारी सुदर्माच्या ट्रकमधून मी देनपसारला आलो होतो. तुला कळवलं नाही. तुमच्या दुकानासमोर क्लिनिक नाही. सलून आहे. केस धुवायच्या बेसिनमागे एक खुर्ची आहे आणि वर दातांचं चित्र. मी डोक्याला नीट उदेंग बांधून गेलो आणि म्हटलं, मला बेहेल लावायचीय. वय वर्षं चौसष्ट. तो हसलासुद्धा नाही. अदबीने म्हणाला, "बसा पाक. कोणता रंग?"

मी म्हटलं, "रंगाचं मग बघू. वस्तू दाखवा."

त्याने बिस्किटांचा डबा उघडला. आत सगळे ठोकळे एकत्र, मिरच्यांच्या बियांसारखे. एक उचलून मी विचारलं, "हा कोणत्या दाताचा?"

"कोणताही चालतो."

"याची वरची बाजू कोणती?"

"कशीही लावा पाक, चिकटतो."

"तारेचं टोक मागे कशात अडकवता?"

"अडकवायचं कशाला? कापून टाकतो. नाहीतर गालाला टोचतं."

लुह, त्याला वीस रंगांची नावं तोंडपाठ होती. एकाही भागाचं नाव नाही. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "तुमचे वरचे सहा दात फार झिजलेत. दगड चावायची सवय आहे का?" बालीत दुकान थाटून बसलाय आणि कानसलेला दात ओळखता येत नाही. मी खुर्चीतून उठलो. त्याला काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. विचारलंस तर समोरचा चहावाला सांगेल, त्याला शेवटपर्यंत ऐकू गेलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाकावर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी थांबली होती, हिरव्या कड्या लावायला. मी तिला म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "आजोबा, मला भीती वाटत होती. तुम्ही आधी बसलात म्हणून धीर आला."

मी तिला चहाच्या गाडीवर नेलं. तुझं ९ एप्रिलचं पत्र माझ्या खिशात होतं. त्यावरून तिला सगळे भाग एकेक करून समजावले, तू मला समजावलेस तसेच. ठोकळा आणि त्याची खाच, तार, कडी, नळी. ती गेली घरी.

तू दुकानात दिसत होतीस. हसताना तोंडावर हात धरत होतीस. मी आलो नाही, कारण आलो असतो तर भांडलो असतो. लुह, खऱ्या डॉक्टरकडे जा. आजच जा.

नेंगाह रेदाना

*

देनपसार
५ जून

उवा,

ॐ स्वस्त्यस्तु. पत्र वाचलं त्या दिवशी दुकानाच्या आरशासमोर उभी राहून मी बोट मागपर्यंत घातलं. नळी नाही. दोन्ही बाजूंना तारेची नुसती कापलेली टोकं. बोट घालून बघायला मला चार महिने लागले, आणि तेही तुम्ही बंगलीहून ओरडल्यावर.

मला माहीत होतं उवा. ते सलून आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. क्लिनिक मी तुमच्यासाठी लिहिलं, डॉक्टर मेमेसाठी म्हटलं. भिंतीवरचं चित्र मी तुम्हाला गप्प करायला उतरवून दिलं. ते माझ्यासाठीही आहे हे लक्षातच आलं नाही. पण एक गोष्ट खोटी नव्हती. मला तो सुळा खरंच सरळ व्हायला हवा होता.

आरोग्य केंद्रात दातांच्या डॉक्टर आहेत, इबु अर्यानी. त्यांनी दीड तास बसून ते सगळं खरवडून काढलं. खरा ब्रॅकेट त्यांनी माझ्या हातावर ठेवला. पाठीला बारीक जाळी असते, चिकटायला. एका कोपऱ्यात रंगाचा ठिपका असतो, कुठल्या दाताचा आणि कोणती बाजू वर ते कळायला. तुम्ही विचारलं होतंत ना, सगळे सारखे असतात का? नसतात. मी त्यांना तुमचे तीनही प्रश्न सांगितले. त्या म्हणाल्या, "हे विचारणारे गृहस्थ कोणत्या दवाखान्यात असतात?" मी म्हटलं, विचारून सांगते.

सुळ्याचं हाड खाल्लं गेलंय. वाचेल, पण सहा महिने त्यावर जराही जोर नको म्हणाल्या. शेजारच्या दातांना तो मागच्या बाजूने बारीक तारेने बांधून ठेवलाय. वर्षभराने तो पक्का झाला तर खरी बेहेल लावू म्हणाल्या. म्हणजे तोंडात तार आहेच. सहावा दात आहे, पण नसल्यासारखा. विधीला चार आठवडे राहिलेत. मेमेला काय सांगू? मी आले नाही तरी चालेल असं तुम्हीच तिला सांगाल का?

वार्सिकी

*

दुकुह सारेन
१२ जून

लुह,

ॐ स्वस्त्यस्तु. मी असलं काही सांगणार नाही. तू येणार आहेस. तार मागच्या बाजूला आहे आणि माझी कानस खालच्या कडेवरून जाते, दोघींची गाठ पडत नाही. उसाऐवजी मऊ काहीतरी बघतो, आणि ते उजवीकडे धरू. सुळ्याचं माझ्यावर सोड.

खोटं बोललीस ते मला लागलं. पण तुझ्यावर चिडायला माझ्याकडे आता फारसा राग उरलेला नाही, बराचसा त्या बिस्किटांच्या डब्याला लागला. इबु डॉक्टरांना सांग, गृहस्थ मुखवटे कोरतात.

नेंगाह रेदाना

*

देनपसार
१६ जुलै

उवा,

ॐ स्वस्त्यस्तु. परत येऊन दहा दिवस झाले. मेमे अजून सगळ्यांना फोन करून सांगते, माझं कर्तव्य संपलं. इतका हलका आवाज तिचा मी वडील गेल्यापासून ऐकला नव्हता. दातांची पूड थुंकलेली पिवळ्या नारळाची करवंटी तिने स्वतः देवघरामागे पुरली.

पण मला एक विचारायचंय. विधीच्या मधे तुम्ही आरसा हातात दिलात तेव्हा मी बघत होते. पाच दातांवरून कानस गेली, प्रत्येकासोबत एक मंत्र. तिचा आवाज डोक्यात अजून आहे. डाव्या सुळ्यावर तुम्ही ती टेकवलीत आणि उचललीत. ओठ हलले नाहीत तुमचे. गाणाऱ्या बायकांच्या आवाजात कोणाच्या लक्षात आलं नाही. मंत्र विसरलात की मुद्दाम?

इथली बातमी वाईट आहे. सलून बंद झालं म्हणून मी खूश होते. काल देसाकने सांगितलं, तो दोन गल्ल्या पलीकडे नव्या पाटीखाली बसलाय, डबा तोच. इबु अर्यानी म्हणतात आरोग्य कार्यालयात लेखी तक्रार करा, त्या सही करतील. मी गेले होते. तिथला कारकून म्हणाला, "तुम्ही स्वतःच्या पायाने गेला होतात ना? मग कसली तक्रार?" दुकानातल्या मुली म्हणतात, आमची नावं घालू नकोस. मालकीणबाई म्हणतात, दात वाचला ना, देवाला फूल वाहा आणि गप्प बस. मलाही आता वाटतं, जाऊ दे. विधी झाला, माणसाने शांत व्हायचं असतं ना त्यानंतर?

वार्सिकी

*

दुकुह सारेन
२१ जुलै

लुह वार्सिकी,

ॐ स्वस्त्यस्तु. विसरलो नाही.

दात दुखरा असेल तर सहावा मंत्र मागे ठेवायची मुभा सांगिंगला असते. माझ्या बापानेही एकदा ठेवला होता. विधी अपुरा राहत नाही, मेमेला काही बोलू नकोस. सुळा पक्का झाला की ये, ओट्यावर बसून पाच मिनिटांचं काम आहे.

पण डॉक्टरांनी जोर नको म्हटलं हे अर्धं कारण झालं. त्या खुर्चीत मी बसलो म्हणून एका पोरीला धीर आला होता, ते माझ्या डोक्यातून जात नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या बाकावर आजही कोणीतरी बसली असेल. तिच्या खिशात तुझं पत्र नाही. तू ज्या हाताने मला चार भाग लिहून पाठवलेस, त्याच हाताने ते तक्रारीत लिही. काय असायला हवं होतं, काय नव्हतं, कोणता ठोकळा कुठे होता, सगळं. कारकून परत पाठवेल, पुन्हा जा. ९ एप्रिलला माझ्यावर जशी चिडली होतीस तशी त्याच्यावर चीड.

तुझे पाच शत्रू मी कानसून दिलेत. सहावा तुझ्याकडे मुद्दाम ठेवलाय, लुह. आधी तो वापर, मग मोडायला माझ्याकडे ये.

नेंगाह रेदाना